निवेदन कापू नका

उत्तर जर्मनीतल्या एका तरुणाने १९८४च्या सुमारास रेडिओवर लागलेले एक गाणे कॅसेटवर उतरवून घेतले. एनडीआर या सार्वजनिक रेडिओवरचे नव्या संगीताचे कार्यक्रम तो नेमाने ऐकत असे, आणि गाणे स्वच्छ उतरावे, मध्ये कोणाचे बोलणे येऊ नये, म्हणून निवेदकाचा आवाज मुद्दाम गाळत असे. गाण्याचे शीर्षक, बँडचे नाव, जे काही कळण्यासारखे होते ते सगळे त्या गाळलेल्या बोलण्यातच होते. पुढे २००७ साली त्याच्या बहिणीने ते गाणे इंटरनेटवर टाकले आणि हे कोणाचे आहे, असे लोकांना विचारले. उत्तर मिळाले ते ४ नोव्हेंबर २०२४ रोजी. गाण्याचे नाव 'सबवेज ऑफ युअर माइंड', बँडचे नाव फेक्स, आणि हा बँड कील शहरातला. मधल्या काळात 'इंटरनेटवरचे सर्वांत गूढ गाणे' या नावाने ते जगभर ऐकले जात होते, आणि ज्यांनी ते वाजवले होते त्यांना याची कल्पनाही नव्हती.

ही शोधकथा मी नागपुरात बसून अनेक वर्षे जवळून वाचत आलो आहे. विस्मृतीत गेलेले संगीत शोधणाऱ्या लोकांबद्दल बोलताना आपण 'हरवलेले गाणे सापडले' असे म्हणतो, पण या प्रकरणात गाणे हरवलेले नव्हतेच. ते कॅसेटवर होते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येत होते, लोकांना त्याचे शब्दही जवळजवळ पाठ झाले होते. हरवले होते ते फक्त गाण्याआधीचे किंवा नंतरचे निवेदकाचे एखादे वाक्य. त्या वाक्याची भरपाई करण्यासाठी लोकांनी काय काय केले ते पाहिले म्हणजे त्याची किंमत समजते. गाण्यात यामाहा कंपनीच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरचा नाद ऐकू येतो असे काहींनी ओळखले. हे वाद्य १९८३ साली बाजारात आले, तेव्हा गाणे त्याआधीचे असू शकत नाही, हा एक धागा मिळाला. रेडिओच्या जुन्या प्रसारणाच्या याद्या तपासल्या गेल्या, त्या काळच्या निवेदकांना विचारून झाले, चुकीच्या बँडांवर शिक्का मारून नंतर तो मागेही घेतला गेला. शेवटी एका शोधकाने जुन्या वृत्तपत्रांतल्या बातम्या धुंडाळून त्या काळच्या लहानसहान बँडांची नावे काढली, त्यांतल्या जुन्या वादकांशी संपर्क साधला, आणि कोडे सुटले. गाणे ओळखणारी ॲप इथे कामाची नव्हती, कारण ती आपल्याकडच्या नोंदलेल्या गाण्यांशीच आवाज ताडून पाहतात, आणि जे कधी बाजारात प्रकाशितच झाले नाही ते त्या नोंदींत कुठून असणार?

आपल्याकडची दोन उदाहरणे याच्या बरोबर उलट आहेत, आणि म्हणून ती मला महत्त्वाची वाटतात. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य घालवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी खपली नाही, आणि पुढे विसरली गेली. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. शिकागोत १९८७च्या आसपास ज्या नव्या नृत्यसंगीताचा जन्म झाला असे मानले जाते, त्याच यंत्रांचा तसाच वापर त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईत झालेला पाहून तो चकित झाला, आणि मुंबईत येऊन त्याने सिंग यांची गाठ घेतली. २०१० साली तबकडी पुन्हा निघाली. सिंग २०१५ साली वारले, पण त्याआधी त्यांना परदेशांतल्या तरुण श्रोत्यांपुढे ते संगीत स्वतः वाजवता आले. दुसरे उदाहरण कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांचे. कॅनडातल्या कॅलगरी शहरात त्यांनी 'डिस्को जॅझ' ही तबकडी गायली, सरोदवर आशिष खाँ होते, १९८२ साली ती भारतात निघाली आणि कोणाच्या लक्षातही राहिली नाही. पुढे यूट्यूबवर कोणीतरी 'आज शनिबार' हे तिच्यातले गाणे टाकले, त्यावर लाखो लोक आले, आणि २०१९ साली न्यूमेरो ग्रुप या अमेरिकी कंपनीने ती तबकडी नव्याने काढली.

या दोन्ही ठिकाणी विस्मृती जवळपास तितकीच जुनी होती, पण शोध सोपा होता, कारण वेष्टनावर नाव छापलेले होते. ज्याच्या कानावर गाणे पडले त्याला पुढचा पत्ता तिथेच मिळाला. १९७० आणि १९७१ साली सिमला सिगारेटच्या नावाने झालेल्या बीट-स्पर्धांच्या, म्हणजे तरुण रॉक बँडांच्या स्पर्धांच्या, ज्या दोन तबकड्या निघाल्या, त्यांचेही तसेच. डायनोसॉर्स, कन्फ्यूजन्स, जेन्युइन स्पेअर्स ही नावे पन्नास वर्षांनंतरही घेता येतात ती केवळ छापील यादीमुळे. मुले कॉलेजातली होती, पुढे नोकऱ्यांना लागली, बँड मोडले, पण नाव राहिले.

नाव राहावे याची काळजी जुन्या लोकांनी फार घेतलेली दिसते. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेडरिक गेसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत 'माय नेम इज गौहर जान' असे ठणकावून सांगितले. आज ते ऐकून लोक हसतात किंवा मोहून जातात, पण त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. मूळ मुद्रिका तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना गायिका माहीत होती, तेव्हा लेबल चुकू नये म्हणून गाण्यातच नाव सांगण्याची पद्धत पडली. आपल्या संतकवींना तर ध्वनिमुद्रणाचा वाराही लागलेला नव्हता, तरी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही मुद्रा त्यांनी शेवटच्या चरणात अशी बसवली की ती काढली तर अभंगच मोडेल. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन ज्यांनी ऐकले असेल त्यांना शेवटी येणारा 'तुकड्यादास' चांगलाच ठाऊक आहे, आणि वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांत शेवटी 'वामन' येतो तो याच परंपरेने. ही गीते शेकडो गायकांनी गायली, गावोगावच्या मंडळांनी आपापल्या चालीत बसवली, तरी गीतकार कोण हे शेवटच्या ओळीत कळते. गायक मात्र कळत नाही, वादक तर नाहीच, आणि माझी खरी काळजी त्यांच्याबद्दल आहे.

नागपूरचा विचार केला तर आमच्या शहरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऑर्केस्ट्रांची रेलचेल होती. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत महाल, इतवारी, बर्डी, धरमपेठ, सक्करदरा, सगळीकडे मंडप पडायचे आणि एकेका रात्री दोन-दोन ठिकाणी हजेरी लावणारे संच असायचे. अकॉर्डियन, कोंगो-बोंगो, ढोलक, पुढे कॅसिओ आणि काठ्यांनी वाजवायचा विजेवरचा ऑक्टोपॅड, आवाजाला घुमारा आणणारे इको मशीन, आणि चित्रपटातल्या मूळ गायकांच्या आवाजात हुबेहूब गाणारे दोन-तीन जण. त्याशिवाय दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या दुकानांतून भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जायच्या. त्यांवर बाबासाहेबांचे किंवा बुद्धाचे चित्र मोठे असायचे आणि गायकाचे नाव घडीच्या आत, बारीक अक्षरात. वरचा कागद फाटला की नाव गेलेच. भंडारा-गोंदियाकडची खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्ये, वरातीत वाजणारी संदल आणि धुमाल ही वाद्यपथके, यांतले तर फारच थोडे कोणी मुद्दाम उतरवून ठेवले असेल. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, तिथे गायलेल्या-वाजवलेल्यांची नावे निवेदनात रीतसर घेतली गेली. मंडपात वाजवणाऱ्यांना ते भाग्य नव्हते.

अशा कॅसेटी घराघरांतून गोळा करून त्यांवरचे आवाज संगणकावर उतरवणाऱ्या काही मंडळींसोबत मी काम करतो. आम्ही एकमेकांना बहुतेक इंटरनेटवरच भेटलो. कोणी नागपुरात आहे, कोणी पुण्यात, एक जण तर दुबईत आहे आणि त्याचे कान आमच्या सगळ्यांपेक्षा तयार आहेत. आमच्याकडे आलेल्या एका कॅसेटबद्दल जरा सविस्तर सांगतो.

साठ मिनिटांची कॅसेट आहे. आतल्या कागदावर बॉलपेनने 'मिक्स – चांगले' एवढेच लिहिलेले. कोणीतरी प्रेक्षकांत बसून टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरवर, कार्यक्रम उतरवला आहे, कारण टाळ्या जवळून आणि गाणी लांबून ऐकू येतात. बहुतेक गाणी हिंदी चित्रपटांतली आहेत, चांगली गायलेली, पण ओळखीची. मध्येच एक मराठी गाणे येते जे आमच्यापैकी कोणीही कधी ऐकलेले नव्हते. बाईचा आवाज आहे, जरा जाडसर, वरच्या पट्टीत न फाटणारा. शब्दांत बर्डीचा बसथांबा आहे, फुटाळा तलावाचे पाणी आहे, आणि पहिल्या पावसात भिजत उभी असलेली एक मुलगी आहे. म्हणजे हे गाणे मुंबई-पुण्याचे नाही, इथेच कोणीतरी लिहिले आणि इथल्याच कोणीतरी चाल लावली. चाल साधी नाही. अंतऱ्यात एका ठिकाणी अकॉर्डियन गळ्याला सोडून वेगळीच वाट धरते आणि समेवर येऊन मिळते. ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे, आणि ज्याने ती बसवली तो माणूस नुसता नकला करणारा वादक नव्हता, याबद्दल माझी खात्री आहे.

गाण्याच्या आधी निवेदक बोलू लागतो, '... आणि यानंतर आपल्यासमोर येत आहेत', आणि खट्ट असा आवाज होतो. उतरवणाऱ्याने पॉजचे बटण दाबले. त्याचे बरोबरच होते, कारण कोऱ्या कॅसेटला पैसे पडत, एका बाजूला तीसच मिनिटे, ती निवेदनात घालवायची कशाला, असाच तेव्हा सगळ्यांचा विचार असे. पुढचा आवाज थेट अकॉर्डियनचा आहे.

काळ ठरवण्यासाठी आम्ही जर्मन गाण्याच्या शोधकांचीच रीत वापरली. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड वाजतो, आणि रोलंडचा ऑक्टोपॅड बाजारात आला १९८५ साली, नागपूरच्या एखाद्या संचाकडे पोचायला आणखी वेळ लागला असणार. वेग ठरवणे जास्त अवघड गेले. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने फिरायला हवी, पण उतरवणारे यंत्र जुने असेल, त्याचा पट्टा सैल झाला असेल, तर वेग बदलतो आणि सगळ्या गाण्याची पट्टी वर-खाली होते. युरोपातले लोक अशा वेळी ध्वनिमुद्रणातली विजेची गुणगुण शोधतात. ती ५० हर्ट्झला असायला हवी, ५२ला दिसली तर कॅसेट जोरात धावते आहे असे समजायचे. आपल्याकडे हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्या काळी आपली वीजच ५० हर्ट्झवर स्थिर नसे. मग दुबईच्या मित्राला हार्मोनियम आठवली. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी पेटीवर सूर धरून पाहतो आहे, आणि त्याचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये पडतो. पेटीवर त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सूर नसतोच, तेव्हा कॅसेट एक तर जलद आहे किंवा हळू. ती थोडी हळू करून षड्ज काळी एकवर आणला तेव्हा निवेदकाचा आवाज माणसासारखा झाला, टाळ्यांचा कर्कशपणा गेला आणि बाईच्या आवाजातला तो जाडसरपणा पुरता उघड झाला.

या सगळ्या खटाटोपातून नाव मिळाले नाही. नावाच्या जवळ जी वाट गेली ती एका विसरलेल्या बटणामुळे. दुसऱ्या बाजूच्या शेवटी उतरवणारा पॉज दाबायला विसरला, आणि म्हणून काही मिनिटांचे निवेदन जसेच्या तसे राहिले. त्यात निळा सदरा घातलेला एक लहान मुलगा मंचाजवळ आहे, त्याच्या घरच्यांनी येऊन घेऊन जावे, असे सांगितले जाते. मग आभार आहेत. मंडपवाले, लाऊडस्पीकरवाले, वर्गणीदार, आणि ज्या चौकात कार्यक्रम चालू आहे तिथल्या रहिवाशांनी सहन केलेल्या गैरसोयीबद्दल त्यांचेही. चौक महालातला आहे. त्या भागात ऐंशीच्या दशकात वाजवणारे एक काका आम्हाला भेटले, आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी डोळे मिटून गाणे पूर्ण ऐकले आणि म्हणाले, 'अकॉर्डियन ओळखतो न मी. त्याचा हात असाच पडे. पण संचाचं नाव आता काय सांगू बापा, दर दोन वर्षांनी बदलत होतं.' वादकाचे नाव त्यांनी सांगितले. ते इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांशी अजून बोलणे झालेले नाही, आणि एकाच माणसाच्या आठवणीवरून श्रेय देऊन टाकणे बरे नाही. चुकीचे नाव एकदा इंटरनेटवर चिकटले की खऱ्या नावाला जागा मिळत नाही.

या कामात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमच्यापैकी एकाने एका भीमगीतांच्या कॅसेटचे संपूर्ण मुद्रण, निवेदनासकट, लोकांसाठी ठेवले होते. काही दिवसांतच ते इंटरनेटवर दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या एका ठिकाणी दिसले. सुरुवातीचे बोलणे कापलेले, गायकाचे नाव गाळलेले, त्याजागी त्या चालकांचे बोधचिन्ह आणि 'दुर्मीळ भीमगीत' एवढाच मथळा. आता ते तिथेच जास्त ऐकले जाते. वीस वर्षांनी एखादी मुलगी ते ऐकून हा कोणाचा आवाज, असे विचारेल आणि तिला उत्तर सापडणार नाही, जरी ते उत्तर आज उपलब्ध आहे. हे मला चोरीपेक्षाही वाईट वाटते, कारण चोरीचा माल निदान परत मिळू शकतो.

काही लोकांना गूढच प्रिय असते, हेही मी पाहिले आहे. फेक्सचे नाव कळल्यावर आता मजा गेली, असे म्हणणारे होते. एका सतरा सेकंदांच्या तुकड्याचा असाच शोध चालला होता, तो तुकडा २०२१ साली कोणीतरी टाकला आणि एप्रिल २०२४मध्ये तो १९८६च्या एका चित्रपटातल्या गाण्याचा निघाला, तेव्हाही काही जण हिरमुसले. मला हे पटत नाही. आपल्याला जे गूढ वाटते ती दुसऱ्या कोणाची तरुणपणाची मेहनत असते, तालमीच्या खोलीचे भाडे असते, घरच्यांची बोलणी असतात. ज्यांनी ते सोसले त्यांना न विचारता आपण त्यांच्या अनामिकपणाची गोडी चाखणे योग्य नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवाळीच्या सफाईत त्या भंगारात टाकू नका, आणि संगणकावर उतरवणार असाल तर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सगळे उतरवा. खोकला, खुर्च्या सरकल्याचा आवाज, बटणाचा खटका, वर्गणीदारांची नावे, काहीही कापू नका. खरखर काढून टाकलेली प्रत हवी तर वेगळी करा, मूळ तशीच राहू द्या. आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंचे आणि कॅसेटच्या अंगावरच्या अक्षरांचे छायाचित्र काढा. ज्यांनी ती उतरवली ते घरात हयात असतील तर त्यांना आजच विचारा, कुठे, कोणत्या साली, कोणासोबत गेला होता, आणि ते बोलतील ते फोनवर उतरवून त्याच फाइलसोबत ठेवा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या बाबतीत हे काम शिस्तीने केले. गायकांच्या, कंपन्यांच्या, क्रमांकांच्या याद्या आपल्या नियतकालिकातून छापल्या, आणि आज जुन्या मराठी नाट्यगीतांचे मुद्रण कोणाचे हे आपण सांगू शकतो त्यात त्या याद्यांचा मोठा वाटा आहे. कॅसेटींसाठी तसे कोणी केलेले नाही. त्यांना ना क्रमांक होते ना सूची, आणि चुंबकीय फीत तबकडीइतकी टिकतही नाही.

महालातल्या त्या गाण्याचे पुढे काय करायचे ते आम्ही ठरवले आहे. गणेशोत्सव मंडळे त्या काळी स्मरणिका काढत, तिच्यात दहाही दिवसांची कार्यक्रमपत्रिका छापलेली असे, कोणत्या रात्री कोणता संच, गायक कोण, वाद्यवृंद कोणाचा, हे सगळे. महालातल्या काकांनी सांगितलेले वादकाचे नाव त्या पत्रिकेशी जुळले तर आमची खात्री होईल, आणि गायिकेचे नावही तिथेच मिळण्याची शक्यता आहे. आम्हाला हव्या आहेत त्या १९८५ ते १९९० या काळातल्या महाल भागातल्या मंडळांच्या स्मरणिका. कोणाच्या माळ्यावर असतील तर मुखपृष्ठ नसले, वाळवी लागली असली तरी चालेल, आतले कार्यक्रमांचे पान आणि शेवटची जाहिरातींची पाने शाबूत असली म्हणजे पुरे. जाहिरातींची पाने अशासाठी, की ऑर्केस्ट्रावाले आपली जाहिरात बहुधा तिथेच देत असत, खाली मालकाचे नाव आणि तालमीच्या जागेचा पत्ता लिहून.